लिनक्स संगणकांच्या सामायिक साठवणीसाठी ओपनझेडएफएस : शाहूपुरीतील एका डिझाइन ऑफिसचे परीक्षण

शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्यांसाठी पॅटर्नची ड्रॉइंग, कास्टिंगची थ्रीडी मॉडेल आणि सीएनसीचे प्रोग्राम तयार करून देणारे आमचे लहानसे ऑफिस कोल्हापुरातील शाहूपुरीत आहे. डिझायनरांचे संगणक, सिम्युलेशनसाठी ठेवलेले एक मोठे मशीन आणि हिशेबाचा संगणक हे सगळे लिनक्सवर चालतात आणि या सर्वांना एकाच जागी ठेवलेल्या फाइलींवर काम करावे लागते. त्यासाठी आम्ही कॉपी-ऑन-राइट पद्धतीच्या दोन फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्था), ओपनझेडएफएस आणि बीटीआरएफएस, रोजच्या कामात वापरल्या आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. अनेक लिनक्स संगणकांना मिळून वापरायची साठवण हवी असेल, तर एका सर्व्हरवर ओपनझेडएफएस आणि तिथून पुढे एनएफएस (नेटवर्कवरून इतर संगणकांना फाइली देण्याची पद्धत) ही लहान ऑफिससाठी आज सर्वांत भरवशाची मांडणी आहे. मात्र ती कशाची हमी देते आणि कशाची देत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

साध्या फाइलसिस्टीममध्ये फाइलचा एखादा भाग बदलला की नवा मजकूर डिस्कवर जुन्याच जागी लिहिला जातो. लिहिणे अर्ध्यावर असताना वीज गेली, तर तिथे धड जुने उरत नाही आणि धड नवेही येत नाही. एक्स्ट-४ सारख्या फाइलसिस्टीमचे जर्नल, म्हणजे बदलांची आधी केलेली नोंद, फोल्डर आणि नोंदींची रचना सावरून घेते, पण फाइलच्या आतल्या मजकुराबद्दल तशी हमी नेहमीच्या मांडणीत मिळत नाही. कॉपी-ऑन-राइटमध्ये जुन्या जागेला हातच लावला जात नाही. नवा मजकूर मोकळ्या जागी लिहिला जातो, मग त्याचा पत्ता सांभाळणारा ब्लॉक (डिस्कवरील मजकुराचा तुकडा) नव्याने लिहिला जातो, मग त्याच्याही वरचा, आणि असे मुळापर्यंत पोहोचल्यावर सर्वांत शेवटी मुळाची नोंद बदलली जाते. वहीत खाडाखोड न करता मजकूर नव्या पानावर लिहावा आणि शेवटी फक्त अनुक्रमणिकेतला पान क्रमांक बदलावा, तसा हा प्रकार आहे. ती शेवटची नोंद होण्याआधी वीज गेली तर आधीची अवस्था जशीच्या तशी शिल्लक असते. पावसाळ्यात दिवसातून कितीदा वीज जाईल याचा भरवसा नसलेल्या आपल्या भागात हा एकच गुण या पद्धतीकडे वळायला पुरेसा आहे.

याच रचनेतून दुसरा लाभ आपोआप मिळतो. जुने ब्लॉक लगेच मोकळे न करता धरून ठेवले की त्या क्षणाचा पूर्ण स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची गोठवलेली अवस्था, तयार होतो. त्याला वेळ लागत नाही आणि सुरुवातीला जागाही लागत नाही. पुढे जसजशा फाइली बदलतात, तसतशी फक्त बदललेल्या ब्लॉकांची जागा अडते. तिसरा लाभ चेकसमचा, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याचा. झेडएफएसमध्ये प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकच्या शेजारी न ठेवता त्याचा पत्ता सांभाळणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवलेला असतो. त्यामुळे डिस्कने चुकीच्या जागेचा मजकूर आणून दिला, तरी तो पकडला जातो.

झेडएफएस मूळची सन मायक्रोसिस्टिम्सची. जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी ती घडवली, २००५ साली तिचा सोर्स कोड ओपनसोलारिसमधून खुला झाला, २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली आणि २०१३ मध्ये स्वतंत्र ओपनझेडएफएस प्रकल्प उभा राहिला. बीटीआरएफएसची सुरुवात ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ओरॅकलमध्येच केली आणि २००९ साली ती लिनक्सच्या २.६.२९ या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आली. म्हणजे बीटीआरएफएस लिनक्सच्या घरची आहे आणि झेडएफएस बाहेरून आलेली. वापरताना हा फरक पावलोपावली जाणवतो, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

आता सामायिक साठवणीचा मूळ प्रश्न. कॉपी-ऑन-राइट फाइलसिस्टीम बसवली की साठवण आपोआप सर्वांची होते, असा समज मी अनेकांच्या बोलण्यात ऐकला आहे, आणि तो धोकादायक आहे. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या दोन्ही एका वेळी एकाच संगणकाच्या ताब्यात राहण्यासाठी बनवलेल्या आहेत. एकच डिस्क आयएससीएसआय (नेटवर्कवरून डिस्क जोडण्याची पद्धत) किंवा तत्सम मार्गाने दोन संगणकांना जोडून दोन्हीकडे एकाच वेळी माउंट केली, म्हणजे वापरासाठी उघडली, तर कोणती जागा मोकळी आहे याचा हिशेब प्रत्येक संगणक आपल्या स्मृतीत वेगळा ठेवतो. एकाने लिहिलेल्या ब्लॉकवर दुसरा ती जागा मोकळी समजून लिहितो आणि थोड्याच वेळात दोघांच्याही हाती काही राहत नाही. झेडएफएसमध्ये याविरुद्ध ‘मल्टीहोस्ट’ नावाची एक तरतूद आहे. ती चालू केली की पूल, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कचा संच, वापरणारा संगणक ठरावीक वेळाने डिस्कवर आपली हजेरी लिहीत राहतो आणि ती हजेरी ताजी दिसली की दुसरा संगणक पूल उघडायला नकार देतो. त्यासाठी प्रत्येक संगणकाचा होस्ट-आयडी (ओळख क्रमांक) वेगळा असावा लागतो. ही तरतूद फक्त अपघात टाळण्यासाठी आहे. तिच्यामुळे दोघांना एकत्र लिहिता येत नाही.

दोघांनी खरोखरच एका डिस्कवर एकत्र लिहायचे असेल, तर जीएफएस-२ किंवा ओसीएफएस-२ सारखी क्लस्टर फाइलसिस्टीम लागते. तिथे प्रत्येक लेखनाआधी संगणक एकमेकांशी बोलून कुलूप घेतात. ओसीएफएस-२ मध्ये रिफ्लिंक म्हणजे ब्लॉक वाटून घेणारी झटपट प्रत करण्याची सोयही आहे. पण त्या मांडणीची देखभाल आणि बंद पडलेल्या संगणकाला बाजूला काढण्याची यंत्रणा सांभाळणे हे लहान ऑफिसचे काम नव्हे. सेफ (Ceph) या अनेक मशिनांवर पसरणाऱ्या साठवण प्रणालीचेही तसेच आहे. ती मोठ्या पसाऱ्यासाठी उत्तम आहे, पण निदान तीन मशिने आणि ती जाणणारा माणूस असल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. म्हणून डिस्क एकाच सर्व्हरच्या ताब्यात ठेवावी आणि इतरांना एनएफएसवरून फाइली द्याव्यात, हाच आमच्यासारख्यांचा मार्ग.

आमचा सर्व्हर डेबियन या लिनक्स वितरणावर चालतो. त्यात ३२ जीबी ईसीसी (स्वतःच्या चुका सुधारणारी) रॅम आणि ८ टीबीच्या चार डिस्क आहेत, आणि त्या दोन-दोनच्या दोन मिररमध्ये (जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच मजकूर) जोडल्या आहेत. रेडझेडमध्ये (मजकूर आणि तो सावरण्याची माहिती अनेक डिस्कवर वाटणाऱ्या मांडणीत) वापरण्याजोगी जागा अधिक मिळाली असती, तरीही मिरर निवडण्याची कारणे साधी आहेत. बिघडलेली डिस्क बदलल्यावर नवी डिस्क लवकर भरून होते, आणि पुढे जागा वाढवायची असेल तर आणखी दोन डिस्कची जोडी लावली की काम झाले. रेडझेडमध्ये एकेक डिस्क वाढवण्याची सोय ओपनझेडएफएसच्या २.३ या आवृत्तीत, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत आली. त्याआधी ही मोठी अडचण होती. ईसीसी रॅम सक्तीची नाही, पण जिथे ग्राहकाच्या कास्टिंगची मापे साठवायची आहेत, तिथे ती असावी असे मी आग्रहाने सांगेन.

प्रत्येक प्रकारच्या कामासाठी वेगळा डेटासेट करता येणे ही झेडएफएसची मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. डेटासेट दिसतो फोल्डरसारखा, पण त्याचे कॉम्प्रेशन, ब्लॉकचा आकार, जागेची मर्यादा आणि स्नॅपशॉटचे वेळापत्रक वेगवेगळे ठेवता येते. सीएनसीचे जी-कोड आणि मजकूर स्वरूपातील एसटीएल फाइली एलझेड-४ कॉम्प्रेशनने निम्म्याहून कमी जागेत मावतात आणि प्रोसेसरवर त्याचा भार जाणवत नाही. स्कॅन आणि व्हिडिओच्या डेटासेटवर रेकॉर्डचा आकार नेहमीच्या १२८ केबीऐवजी १ एमबी ठेवला आहे. हा बदल पुढे लिहिल्या जाणाऱ्या फाइलींनाच लागू होतो, आधीच्या फाइली होत्या तशाच राहतात, हे लक्षात ठेवून तो सुरुवातीलाच करावा.

स्नॅपशॉटचा खरा उपयोग एका उदाहरणातून सांगतो, कारण विक्रीच्या पत्रकांत हा भाग कधीच नीट आलेला नसतो. एका पंपाच्या केसिंगचे मॉडेल होते. ग्राहकाने पाठवलेल्या सुधारित ड्रॉइंगनुसार आमच्या डिझायनरने फ्लँजच्या तोंडावरचा मशिनिंग अलाउन्स (कापण्यासाठी ठेवलेला जादा धातू) कमी केला, बोअरचा कोअर प्रिंट बदलला आणि त्याच फाइलवर सेव्ह केले. संध्याकाळी गोकुळ शिरगावहून फोन आला, की ते सुधारित ड्रॉइंग दुसऱ्या पंपाचे होते आणि आधीचेच मॉडेल सकाळी पॅटर्न शॉपला हवे आहे. डिझायनर माझ्याकडे येऊन म्हणाला, “दादा, दुपारच्या आधीचं मॉडेल मिळंल काय?” मी त्याला त्याच्याच संगणकावर प्रोजेक्टच्या डेटासेटचे मूळ फोल्डर उघडायला लावले आणि पत्त्याच्या पट्टीत शेवटी डॉट-झेडएफएस आणि त्यापुढे स्नॅपशॉट असे टाइप करायला सांगितले. हे फोल्डर एरवी यादीत दिसत नाही, पण नाव टाइप केले की उघडते. आत दर तासाच्या स्नॅपशॉटचे एकेक फोल्डर होते. त्याने अकराचे फोल्डर उघडले, फाइल ‘फ्रीकॅड’मध्ये पाहिली, जुना अलाउन्स जागेवर असल्याची खात्री केली आणि ती नव्या नावाने कामाच्या फोल्डरमध्ये उतरवून घेतली. सर्व्हरवर लॉगिन करावे लागले नाही, ॲडमिनचा पासवर्ड लागला नाही, आणि स्नॅपशॉटमध्ये काहीच लिहिता येत नसल्यामुळे जुनी प्रत बिघडण्याची भीतीही नव्हती. साठवणीची व्यवस्था चांगली कशाला म्हणायची, तर ज्याचे काम अडले आहे त्याला ते स्वतःच्या खुर्चीवरून सोडवता आले पाहिजे.

हे वेळापत्रक सांभाळायला आम्ही सॅनॉइड हे मोफत साधन वापरतो. तासाचे स्नॅपशॉट दोन दिवस, दिवसाचे महिनाभर आणि महिन्याचे वर्षभर ठेवायचे, जुने आपोआप काढायचे, हे सगळे एका छोट्या फाइलमध्ये लिहून देता येते.

स्नॅपशॉटची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. फाइल डिलीट केली तरी ती एखाद्या स्नॅपशॉटमध्ये असेल, तर जागा मोकळी होत नाही. धातू साच्यात कसा भरतो याच्या सिम्युलेशनचे निकाल शेकडो जीबीचे असतात. डिझायनर ते पुसतो, तरी शिल्लक जागेचा आकडा हलत नाही, आणि सर्व्हर बिघडला असे त्याला वाटते. यावर उपाय एकच, तो म्हणजे अशा तात्पुरत्या निकालांसाठी वेगळा डेटासेट करावा आणि त्याचे स्नॅपशॉट घेऊच नयेत. शिवाय कॉपी-ऑन-राइटला लिहिण्यासाठी सतत मोकळी जागा शोधावी लागत असल्याने पूल काठोकाठ भरू देणे महागात पडते. ८० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर नव्या डिस्कची तयारी सुरू करावी.

चेकसमबद्दल एक अनुभव. महिन्यातून एकदा चालणाऱ्या स्क्रबनंतर (सगळा मजकूर वाचून होणाऱ्या तपासणीनंतर) स्थितीच्या तक्त्यात एका डिस्कच्या ओळीत वाचन आणि लेखन या दोन्ही रकान्यांत शून्य होते, पण चेकसमच्या रकान्यात आकडा होता, आणि खाली काही केबी दुरुस्त केल्याची नोंद होती. म्हणजे डिस्कने कोणतीही तक्रार न करता चुकीचा मजकूर दिला होता, झेडएफएसने तो ओळखला, जोडीच्या डिस्कवरची चांगली प्रत वाचली आणि बिघडलेली जागा नव्याने लिहिली. डिस्कची स्वतःची स्मार्ट चाचणी स्वच्छ होती. दोष साटाच्या केबलमध्ये निघाला. केबल बदलली, आकडे शून्यावर आणले आणि पुढच्या स्क्रबला तक्ता कोरा आला. साध्या रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) दोन डिस्कवर दोन वेगळे मजकूर असतील तर खरा कोणता, हे ठरवायला काही आधारच नसतो. डिस्क मरण पावते तेव्हा सर्वांना कळते. ती खोटे बोलते तेव्हा ते कळवणारी यंत्रणा फार थोड्या ठिकाणी असते.

तरीही चेकसम म्हणजे सर्व काही नव्हे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ओपनझेडएफएसमध्ये एक गंभीर दोष उघड झाला. नुकतीच लिहिलेली फाइल लगेच कॉपी केली, तर क्वचित प्रसंगी प्रतीचा काही भाग नुसत्या शून्यांनी भरलेला निघत असे. सुरुवातीला संशय २.२ आवृत्तीत आलेल्या ब्लॉक क्लोनिंगवर (मजकूर पुन्हा न लिहिता ब्लॉक वाटून प्रत करण्याच्या सोयीवर) गेला, पण शोध घेतल्यावर मूळ दोष त्याहून कितीतरी जुना निघाला. कॉपी करणाऱ्या नव्या साधनांनी फाइलमधील रिकाम्या जागा विचारायला सुरुवात केल्यामुळे तो वर आला होता. २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो आहे. कारण इथे प्रतीत चुकीचाच मजकूर लिहिला गेला होता आणि चेकसम त्या चुकीच्या मजकुराचाच होता, त्यामुळे स्क्रबला काहीच दिसले नसते. स्वतंत्र बॅकअप ठेवण्याची गरज कोणतीही फाइलसिस्टीम संपवत नाही, आणि नवी मोठी आवृत्ती आली त्याच आठवड्यात ती उत्पादनाच्या सर्व्हरवर चढवू नये.

एनएफएसच्या बाजूने तीन गोष्टी जाणून घ्याव्यात. पहिली वापरकर्त्यांच्या क्रमांकांची. नेहमीच्या मांडणीत एनएफएस माणसाला नावाने ओळखत नाही, त्याच्या संख्येने ओळखते. एका संगणकावर १००१ क्रमांकाचा वापरकर्ता डिझायनर असेल आणि दुसऱ्यावर तोच क्रमांक हिशेबनिसाचा असेल, तर दोघांच्या फाइलींची सरमिसळ ठरलेलीच. सर्व संगणकांवर क्रमांक सारखे ठेवण्याचे काम पहिल्याच दिवशी उरकावे.

दुसरी गोष्ट डेटासेटची. प्रत्येक डेटासेट ही सर्व्हरच्या दृष्टीने वेगळी फाइलसिस्टीम असते, त्यामुळे फक्त वरचा डेटासेट एक्सपोर्ट केला (एनएफएसवर वाटायला दिला) तर आतले डेटासेट दुसऱ्या संगणकावर रिकामे फोल्डर म्हणून दिसू शकतात. झेडएफएसचा ‘शेअरएनएफएस’ हा गुणधर्म वरच्या डेटासेटवर लावला की तो खालच्यांना वारशाने मिळतो, आणि सोबत क्रॉस-माउंटचा (आतल्या फाइलसिस्टीमही दाखवण्याचा) पर्याय दिला की प्रश्न सुटतो. बीटीआरएफएसमध्ये सबव्हॉल्यूमचा (तिथल्या डेटासेटसारख्या विभागांचा) प्रश्न याहून किचकट आहे, कारण एकाच एक्सपोर्टखालील वेगवेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये आयनोडचे (फाइलच्या अंतर्गत नोंदीचे) क्रमांक तेच ते येतात आणि एनएफएसवरून पाहणाऱ्या साधनांचा गोंधळ होतो. २०२१ मध्ये कर्नलच्या विकासकांमध्ये यावर प्रदीर्घ चर्चा झाली होती.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगाची. एनएफएसवरून एखादा प्रोग्राम “हे पक्के लिहून झाले का?” असे विचारतो, तेव्हा सर्व्हरला ते डिस्कवर गेल्याशिवाय होकार देता येत नाही. फिरत्या डिस्कवर लहान लहान फाइली सेव्ह करताना त्यामुळे रेंगाळल्यासारखे होते. यावर ‘सिंक’ हा गुणधर्म बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि वेग खरोखर वाढतोही. पण मग सर्व्हर होकार आधी देतो आणि लिहितो नंतर. झेडएफएस साधारण दर ५ सेकंदांनी साठलेले लेखन डिस्कवर उतरवते. मधल्या काळात वीज गेली तर पूल सुखरूप राहतो, पण डिझायनरला सेव्ह झाली असे सांगितलेली फाइल जागेवर नसते. ग्राहकाचे काम असलेल्या सर्व्हरवर हे करू नये. त्याऐवजी वीज गेल्यावरही हातातले लेखन पूर्ण करणारी, म्हणजे कपॅसिटरची सोय असलेली छोटी एसएसडी घेऊन ती स्वतंत्र लॉग म्हणून जोडावी. आम्ही तेच केले आहे, आणि यूपीएसकडून सूचना येताच सर्व्हर स्वतःहून बंद होईल अशी व्यवस्थाही ठेवली आहे.

बीटीआरएफएसला मी कमी लेखत नाही. ती कर्नलमध्येच असल्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. फेडोराने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपसाठी तीच मूळ फाइलसिस्टीम केली. सुसेने तर सर्व्हरच्या १२ व्या आवृत्तीत, २०१४ मध्येच ती स्वीकारली होती. वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क एकत्र जोडणे, चालू असताना एखादी काढून घेणे, यात ती झेडएफएसपेक्षा कितीतरी लवचिक आहे. सर्व्हरवर बीटीआरएफएस असेल तर एनएफएस ४.२ वरून रिफ्लिंकही चालते; म्हणजे डिझायनरने आपल्या संगणकावरून मोठ्या असेंब्लीची प्रत मागितली की मजकूर नेटवर्कवरून ये-जा न करता सर्व्हरवरच क्षणात प्रत तयार होते आणि जागाही लागत नाही. ही सोय एक्सएफएस या फाइलसिस्टीममध्येही आहे. झेडएफएसमध्ये ब्लॉक क्लोनिंग २.२ पासून आले आहे, पण सेंड (स्नॅपशॉट दुसरीकडे पाठवण्याची झेडएफएसची आज्ञा) करून दुसऱ्या मशीनवर पाठवताना ही वाटणी टिकत नाही. तिकडे प्रत्येक प्रत पूर्ण जागा घेते.

बीटीआरएफएसला सर्व्हरवरून बाजूला करण्याचे माझे कारण तिची रेड-५ आणि रेड-६ ही मांडणी आहे. वीज गेल्यावर पॅरिटी (हरवलेला मजकूर परत काढण्याची माहिती) आणि मजकूर यांचा मेळ तुटण्याचा दोष तिथे अजून पुरता गेलेला नाही आणि तिचे विकासकच ती उत्पादनात वापरू नका असे सांगतात. रेड-१ (म्हणजे मिरर) चांगले चालते, पण एक डिस्क गेल्यावर ‘डिग्रेडेड’ हा पर्याय हाताने दिल्याशिवाय फाइलसिस्टीम माउंट होत नाही. माणूस ऑफिसात नसताना सर्व्हर रीस्टार्ट झाला, तर सकाळी सगळ्यांचे काम ठप्प. रेड हॅट या लिनक्स कंपनीनेही २०१७ मध्ये तिचा पाठिंबा मागे घेण्याचे जाहीर केले आणि आठव्या आवृत्तीतून ती काढून टाकली. डिझायनरांच्या संगणकांवर, अपडेट फसल्यास मागे जाता यावे म्हणून, आम्ही बीटीआरएफएसच वापरतो आणि तिथे तिने कधीही त्रास दिलेला नाही.

तिसरा पर्याय म्हणून बीकॅशएफएस या नव्या कॉपी-ऑन-राइट फाइलसिस्टीमबद्दल विचारणा होते. ती २०२४ च्या जानेवारीत लिनक्स ६.७ मध्ये आली आणि २०२५ मध्ये मुख्य कर्नलमधून बाहेरही पडली. फौंड्रीचे काम तिच्यावर ठेवण्याची वेळ आलेली नाही.

झेडएफएसचे मोठे दुखणे तिच्या परवान्यात आहे. तिचा सीडीडीएल परवाना आणि कर्नलचा जीपीएल परवाना एकत्र नांदत नाहीत असे बहुतेक लिनक्स विकासक मानतात, त्यामुळे ती मुख्य कर्नलमध्ये येत नाही. उबुंटूने १६.०४ पासून तिचे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) तयार करून द्यायला सुरुवात केली. डेबियनमध्ये ते आपल्याच मशीनवर डीकेएमएस या साधनाने बांधले जाते. नवा कर्नल आधी आला आणि त्याला जुळणारी ओपनझेडएफएस मागून आली, तर मॉड्यूल बांधले जात नाही आणि पूल उघडत नाही. म्हणून सतत नवे कर्नल आणणारी वितरणे सर्व्हरवर घेऊ नयेत. डेबियनच्या स्थिर आवृत्तीवर ही अडचण क्वचितच येते.

रॅमबद्दल निष्कारण भीती पसरली आहे. प्रत्येक टीबीला १ जीबी रॅम लागतेच, हा नियम नव्हे. झेडएफएस रिकामी रॅम वाचनाच्या कॅशसाठी घेते, आणि ती वापरात असल्यासारखी दिसते, एवढेच. मर्यादा घालून देता येते. रॅम खरोखर खाते ते डीडुप्लिकेशन, म्हणजे सारखे ब्लॉक शोधून एकदाच साठवणे. ते चालू करण्याआधी दहा वेळा विचार करावा, आणि आमच्यासारख्या ऑफिसने ते बंदच ठेवावे.

आता कोल्हापुरासाठी सर्वांत मोलाचा भाग. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही पुरांत ती मागे टाकून पाणी कुठवर आले हे शाहूपुरी, लक्ष्मीपुरी आणि व्हीनस कॉर्नरच्या लोकांना सांगावे लागत नाही. सर्व्हर वरच्या मजल्यावर असला, तरी वीज आणि रस्ता दोन्ही बंद असताना त्यातले ड्रॉइंग बाहेर काढता येत नाही. यासाठी नदीपासून दूर, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील आमच्या सहकाऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये दुसरे साधे मशीन ठेवले आहे, आणि रोज रात्री झेडएफएस सेंडने तिथे फरक पाठवला जातो.

इथे कॉपी-ऑन-राइटचे सामर्थ्य पूर्णपणे दिसते. आरसिंकसारख्या साधनाला काय बदलले हे शोधण्यासाठी सगळ्या फाइलींची यादी चाळावी लागते. झेडएफएसला काल रात्रीच्या स्नॅपशॉटनंतर कोणते ब्लॉक जन्मले हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे लाखो लहान फाइली असल्या तरी नेमके तेवढेच ब्लॉक एसएसएचवरून (सुरक्षित जोडणीवरून) जातात. फाइलचे नाव किंवा फोल्डर बदलले, तर मजकूर पुन्हा जात नाही. पहिली पूर्ण प्रत मात्र दोन्ही मशिने एकाच नेटवर्कवर आणून करावी. ब्रॉडबँडवरून कित्येक टीबी चढवत बसण्यात अर्थ नाही. सिंकॉइड हे साधन मधेच तुटलेली रवानगी जिथे थांबली तिथून पुढे सुरू करते, आणि पावसाळ्यातल्या लाइनवर ती सोय फार कामाची आहे. तिकडच्या मशीनवर स्नॅपशॉटही जसेच्या तसे पोहोचतात, त्यामुळे शाहूपुरीतील ऑफिस बंद असले तरी तिथला माणूस मागच्या आठवड्यातले ड्रॉइंगही उघडू शकतो. ग्राहकांची ड्रॉइंग गोपनीय असल्याने दोन्हीकडच्या डिस्क एलयूकेएस या लिनक्सच्या एनक्रिप्शनने कुलूपबंद आहेत. झेडएफएसचे स्वतःचे एनक्रिप्शन आणि सेंड यांच्या जोडीबद्दल दोषांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या असल्याने आम्ही तो मार्ग घेतला नाही. मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, तिथल्या प्रतीवरून एखादे पूर्ण प्रोजेक्ट उघडून पाहण्याचा शिरस्ता आम्ही ठेवला आहे आणि इतरांनीही ठेवावा.

एकट्या माणसाच्या लॅपटॉपसाठी किंवा दोनच संगणकांच्या घरासाठी मी ओपनझेडएफएसची शिफारस करणार नाही. तिथे बीटीआरएफएस आणि एक बाहेरची डिस्क पुरते. मोठा डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांनीही सावध राहावे, कारण मोठ्या फाइलीच्या आत सतत होणाऱ्या लहान लेखनांनी कॉपी-ऑन-राइटमध्ये फाइल विखुरते. बीटीआरएफएसमध्ये त्यासाठी कॉपी-ऑन-राइट बंद करता येते, पण मग त्या फाइलींचे चेकसमही जातात. झेडएफएसमध्ये रेकॉर्डचा आकार १६ केबीपर्यंत उतरवून बरेच सावरता येते. मात्र चार-पाच किंवा त्याहून अधिक लिनक्स संगणक एकाच कामावर असतील आणि त्या कामाची किंमत डिस्कच्या किमतीहून अधिक असेल, अशा कोणत्याही ऑफिसने हीच मांडणी घ्यावी. खरेदीला जाताना एकच काळजी घ्यावी. स्वस्त मिळणाऱ्या मोठ्या डिस्कपैकी अनेक एसएमआर (एकमेकांवर चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) प्रकारच्या असतात आणि मिरर किंवा रेडझेड पुन्हा भरताना त्यांचा वेग इतका घसरतो, की तासांचे काम दिवसांवर जाते. दुकानदाराकडून डिस्कचा पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा, तो सीएमआर (स्वतंत्र पट्ट्यांत लिहिणाऱ्या) प्रकारचा असल्याचे उत्पादकाच्या माहितीपत्रकात तपासावे आणि मगच पैसे द्यावेत.